तुम्ही विचारलंत म्हणून: फोनवरचं ते काळं जनावर

माझ्या फोनचा वॉलपेपर बघितला की लोक आधी दचकतात आणि मग ठरलेला प्रश्न, "असलं अजगर पैसे मोजून घरात ठेवण्यात काय मजा वाटते ओ लोकांना?" काल रंकाळ्यावर चहाच्या गाड्यापाशी परत एकानं विचारलं, म्हटलं लिहूनच टाकू.

तर ते बोलेन्स पायथन. न्यू गिनीच्या डोंगरातलं, साधारण हजार मीटरच्या वर राहणारं, १९५३ साली शास्त्रात नोंद झाली आणि नाव पडलं बोलेन नावाच्या डच डॉक्टरवरनं. काळं कुळकुळीत, गळ्याच्या बाजूनं पांढुरके पट्टे. पण उन्हात आलं की पावसात रस्त्यावर सांडलेल्या ऑईलवर कसे रंग उठतात, तसलं निळं-जांभळं अंगावरनं फिरतं. तो काय रंग नव्हे, खवल्यांची बारीक ठेवणच अशी की प्रकाश फुटतो. आणि पिल्लू असतं विटकरी! काळं व्हायला वर्षं जातात, म्हणजे आणलं एक आणि डोळ्यांदेखत झालं भलतंच.

पण खरी ओढ रंगाची नाही असं मला वाटतं. बॉल पायथन म्हणून आफ्रिकेतलं छोटं अजगर असतं, त्याची पैदास आता परदेशात कुणीपण करतं, ह्याची मात्र पिंजऱ्यात मोजक्याच लोकांना जमली. जोडी ठेवायची, डोंगरातल्यासारखी रात्र गार करायची, दिवसा शेकायला दिवा, आणि वर्षानुवर्षं बघत बसायचं, काही होत नाही. आमचे चुलते पेठेत कबुतरं उडवायचे, दिवसभर मान वर, काकू जेवायला हाका मारून दमायच्या. नाद हो, दुसरं काय. फरक एवढाच की कबुतर संध्याकाळी परत येतं तरी, हे जनावर तुम्हाला ओळखतसुद्धा नाही. त्याला डोंगर बरोबर लागला का नाही ते फक्त खाल्लं की नाही खाल्लं ह्यावरनं कळायचं. ज्याला शाबासकी लागते त्यानं कुत्रं पाळावं.

मग तू का पाळत नाहीस? एकतर कायदा. वन्यजीव कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर असल्या परदेशी अजगरांची सरकारदरबारी नोंद लागते, आणि आपलं अजगर तर त्याच कायद्याच्या अनुसूची १ मधलं, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीतलं, घरात ठेवायचा विषयच नाही. दुसरं म्हणजे कोल्हापूरचा मे महिना, त्यात लाईट गेली की माझाच जीव जातो, त्याचं काय होणार.

शिवाय आपल्याकडं काय कमी आहे? मागं ऊसतोडीच्या वेळी फडात अजगर निघालं, वनखात्याच्या माणसांबरोबर राधानगरीकडं सोडायला गेलो. पोत्यातनं बाहेर आलं आणि हलंचना, आम्ही सगळे गप उभे. नुकती कात टाकलेली असणार, कारण झाडातनं ऊन पडलं तशी त्या तपकिरी पाठीवर निळी झाक मारली, अगदी वॉलपेपरसारखी. फोन गाडीत राहिला होता.