खुटीला टांगलेला इळा

"बाई, तुम्ही मराठी शिकवता. मग तुमच्या वहीत लीळाचरित्रातले शब्द आणि दवाखान्यातले शब्द एकाच पानावर कसे?" हा प्रश्न मला शाळेतल्या सहकाऱ्यांनी विचारला, मुलींच्या आयांनी विचारला, परवा एका नव्या डॉक्टरीणबाईंनीही विचारला. दर वेळी अर्धंमुर्धं उत्तर देऊन मी निघून जाते. तुम्ही विचारलंत म्हणून आज सगळं सांगते.

वही सुरू झाली ती वर्गासाठी. आमच्या गावापासून ऋद्धपूर जवळ, मोर्शी तालुक्यातलं. म्हाइंभटांनी 1278 च्या सुमारास लीळाचरित्र, म्हणजे चक्रधरस्वामींच्या आठवणींचा ग्रंथ, सिद्ध केलं ते तिथेच. त्यातला उतारा शिकवताना पोरं अडायची. आरोगणा म्हणजे काय? व्याळी म्हणजे काय? आरोगणा म्हणजे जेवण, व्याळी म्हणजे रात्रीचं जेवण, एवढं सांगून भागत नसे. 'बिढार' आला तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "म्हंजे आमच्यासारखं बिऱ्हाड?" तिचे आईबाप हंगामाला ऊसतोडीला जात. साडेसातशे वर्षांचा शब्द तिच्या घरच्या बोचक्यात बांधलेला होता. त्या दिवसापासून प्रत्येक शब्दापुढे मी दोन गोष्टी लिहू लागले: तो पहिल्यांदा उच्चारणाऱ्याच्या डोळ्यांपुढे काय असेल, आणि आज तो कोणाच्या तोंडी आहे.

मग आईची कंबर आली.

डाव्या कुशीपासून पाठीच्या कण्यापर्यंत फोडांचा पट्टा उठला. शेजारच्या काकूंनी पाहताक्षणी सांगितलं, "नागीन हाये." गेरू लावणारा माणूसही सापडला. मी आईला तालुक्याला नेलं. तिथे कागदावर दोनच शब्द आले, 'हर्पिस झोस्टर', आणि गोळ्या मिळाल्या. नागीण हा शब्द डॉक्टरांच्या तोंडून निघाला नाही आणि मलाही विचारायचं सुचलं नाही. घरी येऊन आई म्हणाली, "मले तं नागीन झाली, या कागदावर दुसरंच काही लिवलं हाये." दुसऱ्याच रोगाच्या गोळ्या म्हणून तिने त्या फळीवर ठेवून दिल्या आणि चार दिवस गेरूच लावला. या औषधाचा खरा उपयोग फोड उठल्यापासून 72 तासांच्या आत सुरू केलं तर होतो. फोड वाळले, पण त्या पट्ट्यातली आग पुढे कित्येक महिने तिला साडीची निरी खोचू देत नव्हती. मी मराठीची शिक्षिका, आणि माझ्याच घरात दोन शब्दांची ओळख न पटल्यामुळे हे झालं. ते मला अजून लागतं.

नंतर शोधलं तेव्हा कळलं, ते दोन शब्द परके नव्हतेच. हर्पिस हा ग्रीक 'हर्पेइन'वरून आला, म्हणजे सरपटणे. आपला 'सर्प' ज्या मुळातून आला त्याच मुळातला तो. झोस्टर म्हणजे कमरपट्टा. कमरेभोवती सरपटणारं काहीतरी ग्रीकांनीही पाहिलं आणि आमच्या काकूंनीही पाहिलं. अर्धशिशीचंही तसंच. 'हेमिक्रेनिया' म्हणजे अर्धी कवटी, त्याचंच झिजून मायग्रेन झालं. हे शब्द मी वहीत समोरासमोर लिहिले तेव्हा खरं सांगायचं तर डोळ्यांत पाणी आलं.

पण चित्र सुंदर असलं म्हणजे अर्थ पुरा झाला असं नाही. नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस जातो, ही धास्ती आपल्याकडे घराघरांत आहे. ती चित्रातूनच आली. मुळात लहानपणीच्या कांजिण्यांचा विषाणू कण्याजवळच्या मज्जातंतूच्या मुळाशी वर्षानुवर्षं दडून राहतो आणि पुढे एका तंतूच्या वाटेने बाहेर येतो. म्हणून पट्टा बहुतेक एकाच बाजूला राहतो. जुळण्याची धास्ती नको. पण फोड कपाळावर, नाकाच्या शेंड्यावर किंवा डोळ्याजवळ आले तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, नजरेला धोका असतो. वहीत 'नागीण'पुढे हेही लिहिलेलं आहे. नुसता प्रतिशब्द देऊन थांबणं मला आता पटत नाही.

सगळ्यात जास्त पानं भरलीत ती सिकलसेलने, म्हणजे आईबापांकडून लेकरांत येणाऱ्या रक्ताच्या आजाराने. आपल्या विदर्भात, विशेषतः पूर्वेकडच्या जिल्ह्यांत आणि मेळघाटात, हा आजार किती घरांत आहे ते वेगळं सांगायला नको. मागच्या उन्हाळ्यात एक बाई मुलीचा तपासणीचा कागद घेऊन आली. मुलीचं लग्न ठरत होतं. "बाई, याच्यावर 'वाहक' लिवलं हाये. थे तं एसटीत तिकीट फाडते ना?"

तिचं काय चुकलं? तिने हा शब्द जिथे वाचला होता तिथे त्याचा अर्थ तोच आहे.

मी आतून विळा आणला. 1910 साली शिकागोच्या जेम्स हेरिक या डॉक्टरांनी एका विद्यार्थ्याच्या रक्तात या आकाराच्या पेशी पाहिल्याचं छापलं होतं, आणि सिकल म्हणजे हाच विळा. रक्तातल्या लाल पेशी गोल, लवचीक असतात. या आजारात प्राणवायू कमी पडला की त्या वाकून ताठ होतात, बारीक नसांत अडकतात, म्हणून हाडं फुटल्यासारखी दुखतात. एवढं तिला लगेच कळलं. 'वाहक' अवघड गेला. मग डब्यातून ज्वारी आणि उडीद काढले. ज्वारी म्हणजे निरोगी गुण, उडीद म्हणजे आजाराचा; आईबाप दोघेही वाहक धरले. आईच्या मुठीत एक ज्वारी, एक उडीद. बापाच्या मुठीत तसंच. न पाहता एकेक दाणा लेकराला द्यायचा. दोन्ही उडीद आले तर आजार. एकच आला तर लेकरू वाहक.

"म्हंजे चार लेकरांत एकाले," ती म्हणाली. "पयल्याले झाला तं बाकीचे सुटले."

इथेच घात होतो. पुष्कळ शिकलेली माणसंही हेच समजतात. मी दाणे परत मुठीत ठेवून पुन्हा काढायला लावले. दर बाळंतपणाला मूठ नव्याने भरते, आधीच्या लेकराचा हिशेब तिला ठाऊक नसतो. तिने सहा-सातदा दाणे काढले. एकदा लागोपाठ दोनदा उडदाची जोडी आली तेव्हा ती गप्प बसली.

"मंग माही पोरगी बिमार हाये का नाही?"

नाही, मी म्हटलं. तिला सहसा काही त्रास होणार नाही. पण तिच्याजवळ तो दाणा आहे.

तिने विळा उचलला, उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाली, "म्हंजे इळा घरात हाये, पन खुटीले टांगून हाये."

'वाहक' या शब्दापुढे मी आधी लिहिलेलं सगळं खोडलं आणि तिचं वाक्य तिच्याच बोलीत उतरवून घेतलं. ती कागद पदरात बांधत उठली आणि दारातून वळून म्हणाली, "आता त्या पोराच्या घरी खुटीले काय टांगलं हाये, थे पाह्यलं पाह्यजे ना बाई."