आप्पांच्या किमोच्या आधी केलेली डीपीडीची टेस्ट : माझा अनुभव

घरात कुणाला कॅपेसिटाबिनच्या, म्हणजे किमोच्या गोळ्या लिहून दिल्या असतील आणि अजून पहिली गोळी घेतलेली नसेल, तर हे आधी वाचा.

आमच्या आप्पांचं मोठ्या आतड्याचं ऑपरेशन झालं, बायोप्सीत लिम्फ नोडमध्येही पसरलेलं निघालं म्हणजे तिसरी स्टेज, त्यामुळे किमो ठरलीच. कॅपॉक्स म्हणतात तिला. पहिल्या दिवशी ऑक्सॅलिप्लॅटिनचं सलाईन, मग १४ दिवस सकाळ-संध्याकाळ कॅपेसिटाबिन, ७ दिवस गोळ्या बंद, की परत पहिल्यापासून. आम्ही खानापूर तालुक्यातले, उपचार बेळगावात. डॉक्टरांनी लिहून द्यायच्या आधीच विचारलं, "डीपीवायडीची, म्हणजे डीपीडी नावाचं एन्झाइम बनवणाऱ्या जीनची टेस्ट करूया का? काही हजार रुपये जातील पण करावी असं मला वाटतं." मी हे नाव पहिल्यांदाच ऐकत होते, म्हणून तिथंच बसून सगळं विचारून घेतलं.

कॅपेसिटाबिन पोटात गेलं की त्याचं फाईव्ह-एफयू (फाईव्ह-फ्लुरोयुरासिल) नावाचं किमोचं औषध होतं. हे १९५७ सालातलं औषध आहे, आतडं, जठर, अन्ननलिका, सगळ्या पचनमार्गाच्या कॅन्सरला अजून तेच वापरतात. आता त्यातलं ८० टक्क्यांहून जास्त औषध आपल्या लिव्हरमधलं हे डीपीडी एन्झाइम मोडून टाकतं आणि ते एवढं मोडणार हे धरूनच डोस ठरवलेला असतो. काही लोकांच्यात हे एन्झाइम जन्मापासूनच कमी असतं, एरवी कळत पण नाही, जेवणखाण कामधंदा सगळं नीट चालतं. डॉक्टर आप्पांना म्हणाले, "मामा, मोरीची नळी निम्मी बुजलेली असताना नळ पूर्ण सोडला तर काय होईल? पाणी घरात येईल की." आप्पांना लगेच पटलं. इथं घरात येणारं पाणी म्हणजे जुलाब, तोंडभर फोड, पांढऱ्या पेशी एकदम खाली आणि ताप, आणि हे जिवावर बेतू शकतं. त्यावरचा उतारा अमेरिकेत २०१५ मध्ये मंजूर झालाय पण तो औषध थांबल्यापासून ९६ तासांच्या आत द्यावा लागतो. युरोपच्या औषध नियामकांनी तर २०२० मध्येच सांगितलंय की आधी डीपीडी बघा आणि मगच औषध सुरू करा.

टेस्ट म्हणजे साधं रक्त, उपाशीपोटी पण यायला लागत नाही, जांभळ्या टोपणाच्या ट्यूबमध्ये घेतात आणि बाहेरच्या लॅबला पाठवतात. खरा त्रास रिपोर्टची वाट बघण्याचा. पाहुणे रोज फोन करायचे, किमो का थांबवलाय म्हणून. पण ऑपरेशननंतर साधारण आठ आठवड्यांच्या आत किमो सुरू झाली तर चालतं असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, त्या एका वाक्यावर मी सगळ्यांना गप्प बसवलं.

रिपोर्ट आला. जीनच्या दोन कॉप्यांतली एक बिघडलेली. म्हणजे सुरुवात निम्म्या डोसनं.

मग गावात चर्चा, निम्मा डोस म्हणजे निम्मा उपचार, कॅन्सर मरणार कसा. आत्या तर रडायलाच लागली. तिला मी सांगितलं ते इथंही सांगते, आप्पांचं शरीर औषध सावकाश मोडतंय, त्यामुळे निम्म्या गोळीत त्यांच्या रक्तात जवळपास तेवढंच औषध राहतं जेवढं दुसऱ्याच्या रक्तात पूर्ण गोळीनं राहतं. त्यांच्यासाठी हाच पुरता डोस. आणि सोसलं तर पुढं थोडा वाढवता येतो.

माझी आत्येबहीण धारवाडला बायोकेमिस्ट्री शिकते, तिनं एक वेगळाच मुद्दा काढला. अशी एन्झाइम्स कॅन्सरच्या गाठीच्या पेशींतही असतात, तिथं डीपीडी जास्त असेल तर औषध गाठीतच मोडून वाया जातं. जीएसटी-पाय नावाचं दुसरं एक एन्झाइम जठर आणि आतड्याच्या गाठींत बऱ्याचदा वाढलेलं सापडतं आणि ऑक्सॅलिप्लॅटिनसारख्या प्लॅटिनमच्या औषधांना निकामी करण्यात त्याचा हात असावा असं म्हणतात. जे काम लिव्हरमध्ये आपल्याला वाचवतं तेच गाठीत कॅन्सरला वाचवतं, हे ऐकून मला रात्रभर झोप आली नाही. डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, गाठीतलं मोजून औषध ठरवायची पद्धत अजून रोजच्या उपचारात नाही, रक्ताची टेस्ट फक्त जन्मजात फरक सांगते. आणि ती नॉर्मल आली तरी निर्धास्त राहायचं नाही, कारण नेहमी तपासतात ते जीनमधले मोजके बदल मुख्यतः युरोपियन लोकांवरच्या अभ्यासातून आलेत, आपल्या लोकांत वेगळेही असू शकतात. म्हणून जुलाब किंवा ताप आला की गोळी थांबवून लगेच फोन, टेस्ट काहीही येऊ दे.

पहिली सायकल सुरू झाली तेव्हा सिस्टर रोज विचारायच्या, "ऊट आयता?" म्हणजे जेवण झालं का? जेवण झाल्यावर अर्ध्या तासाच्या आत गोळी, हे त्यांनी कन्नडमधून आप्पांच्या एवढं डोक्यात बसवलं की घरी आल्यावरही आई ताट वाढायला लागली की आप्पा गोळ्यांची पिशवी शोधायचे. तोंडात एक-दोन फोड आले, तळपाय थोडे लाल झाले, पेशी उतरल्या पण धोक्याच्या खाली नाही. ऑक्सॅलिप्लॅटिनमुळे गार वस्तूला हात लावला की झिणझिण्या यायच्या, आणि खानापूरचा पाऊस म्हणजे सगळंच गार, म्हणून प्यायला कोमट पाणी आणि हातात मोजे.

आता राहिलंय ते आमच्या काकांना सांगायचं. हा बदल रक्ताच्या नात्यातून येतो, मला आणि भावाला तो असायची शक्यता ५० टक्के. रोजच्या जगण्यात त्यानं काही बिघडत नाही, फक्त कधी हे औषध घ्यायची वेळ आली तर डॉक्टरांना आधी कळायला पाहिजे, म्हणून रिपोर्टच्या झेरॉक्स काढून घरटी एक द्यायला लागलेय.