पावती शेतकऱ्यालाही गेली पाहिजे

आम्ही केळी व्यापाऱ्यांसाठी मोबाइल ॲप बनवतो. मळ्यात कापणी चालू असते, घड काट्यावर चढतात, व्यापाऱ्याचा माणूस वजन टाकतो, नवती (नव्या लागवडीची), पिलबाग (जुन्या झाडाच्या पिलांची) की वापसी (हलक्या प्रतीची) ते निवडतो, भाव भरतो आणि हिशेब तयार होतो. आधी हे सगळं वहीत व्हायचं, बऱ्याच ठिकाणी अजूनही होतं. २०१६ साली जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळालं. त्याच वर्षी जानेवारीत दिल्लीत स्टार्टअप इंडिया, म्हणजे नव्या कंपन्यांसाठीचा केंद्राचा उपक्रम, सुरू झाला. मानांकन आलं, परदेशी जाणारी केळी खोक्यांत भरली जाऊ लागली, पण बांधावरची वही हलली नाही. म्हणून मी पुण्याची नोकरी सोडून जळगाव जिल्ह्यातल्या फैजपूरला परत आलो.

मळ्यात उभं राहिल्याशिवाय हे ॲप बनलंच नसतं. केळीचा चीक हाताला लागला की बोट स्क्रीनवर नीट चालत नाही. काटा करणाऱ्याचे हात तर दिवसभर चिकाने काळे असतात. म्हणून आमची बटणं मोठी, एका पानावर कमीत कमी, आणि वजन बोलूनही भरता येतं. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास गेला की उन्हात धरलेला मोबाइल तापून बंद पडतो, त्यामुळे प्रत्येक नोंद झाल्या झाल्या फोनमध्येच साठवली जाते. रेंज मिळाली की पुढे जाते. तापी काठच्या कितीतरी शिवारांत रेंज गावात आल्यावरच मिळते.

पण खरा प्रश्न पावतीचा होता. वजन नोंदलं की त्याची प्रत शेतकऱ्याच्या व्हॉट्सॲपवर जावी, असं आम्ही पहिल्यापासून ठरवलं होतं. जाहीर भाव एक आणि हातात पडणारा दुसरा, ही रावेर, यावल, चोपडा या पट्ट्यातली जुनी तक्रार आहे. माल गेल्यावर पैशांसाठी चकरा मारणारी माणसं मी घरातच पाहिली आहेत. काही व्यापाऱ्यांनी स्पष्ट सांगितलं, “भाऊ, पैसे आम्ही देतो, मग पावती त्याला कशाला? ती बंद करून द्या, आम्ही घेतो.”

स्टार्टअपच्या बैठकांत हाच प्रसंग मांडला की सल्ला ठरलेला: पैसे देणारा तो ग्राहक, त्याचं ऐका. पुण्यातल्या एका गुंतवणूकदाराने तर पावती वेगळी काढून जास्तीच्या पैशांत विका, असं सुचवलं. व्यवहाराच्या दृष्टीने सल्ला चुकीचा नाही. पण ज्याचा माल आहे त्याला स्वतःच्या मालाचं वजन कळायला पैसे पडावेत, हे मला मान्य नाही. आम्ही पावती ठेवली आणि ते व्यापारी गेले. बाकीचे राहिले, आणि पुढे वेगळंच घडलं. पावती मिळालेले शेतकरी दुसऱ्या व्यापाऱ्याला विचारू लागले, “तुमच्याकडे मोबाइलवर येते का?” गेलेल्यांपैकी काही त्यामुळेच परत आले. जाहिरातीवर आम्ही फारसा खर्च केलाच नाही.

पैशांबद्दल नवीन मुलं नेहमी विचारतात, म्हणून सांगतो. २०२१ साली केंद्राने स्टार्टअप बीज निधी योजना सुरू केली; आता अर्ज घेतात का ते आधी विचारून घ्या. तिच्यात कल्पना सिद्ध करायला २० लाखांपर्यंत अनुदान ठेवलं होतं, आणि ते इन्क्युबेटरमार्फत, म्हणजे नव्या कंपन्यांना आधार देणाऱ्या केंद्रामार्फत, यायचं. जळगावच्या विद्यापीठातही असं केंद्र आहे, तिथे आधी जा. त्या योजनेत अर्ज करताना कंपनी दोन वर्षांपेक्षा जुनी नसावी अशी अट होती, त्यामुळे नोंदणीची घाई करू नका. आधी कुणीतरी खिशातून पैसे देऊन तुमची वस्तू वापरू दे.

माणसं मिळणं मात्र अवघड आहे. इथली हुशार पोरं-पोरी भुसावळहून रेल्वेत बसतात ती पुण्यालाच उतरतात. त्यांना दोष देणार नाही, मीही तसाच गेलो होतो. आम्ही जळगावात चार-पाच जण महिन्यातून एकदा भेटतो: कुणी डाळ मिलसाठी काम करतो, कुणी ठिबकच्या नियंत्रणावर. कुठला हिशेबनीस बरा, उधारी कशी वसूल करायची, कुणाकडे चांगली मुलगी अर्ज करून गेली, हे मोकळेपणाने सांगतो. आमच्याकडे चोपड्याची जी मुलगी कोड लिहिते ती अशीच मिळाली. डाळवाल्या मित्राकडे तेव्हा जागा नव्हती, त्याने तिला आमच्याकडे पाठवलं. मोठ्या शहरात असं कुणी करताना मी पाहिलं नाही.

आता पावतीवर एक ओळ वाढवतोय: पैसे कोणत्या तारखेला मिळणार. तारीख व्यापाऱ्याने स्वतः भरायची, आणि ती उलटली तर दोघांनाही निरोप जायचा. सावद्याचे एक आबा, जुने व्यापारी, लगेच हो म्हणाले. बाकीचे अजून विचार करताहेत. मृगबागेची, म्हणजे मृगाच्या पावसात लावलेल्या केळीची, कापणी सुरू होण्याआधी त्या प्रत्येकाच्या गादीवर जाऊन बसायचं ठरवलं आहे.