निशी-कासाई : तोक्योच्या पूर्वेकडील एक स्थानक
तोक्यो मेट्रोच्या तोझाई मार्गावरील निशी-कासाई या स्थानकाविषयी मला विशेष जिव्हाळा आहे. हा मार्ग १९६९ साली तोयोचोहून निशी-फुनाबाशीपर्यंत वाढला, तेव्हा येथे स्थानक नव्हते. ते १ ऑक्टोबर १९७९ रोजी, मिनामी-सुनामाची आणि कासाई यांच्या दरम्यान नव्याने सुरू झाले. मेट्रो म्हणताच भुयार डोळ्यांसमोर येते, पण येथे रूळ उन्नत पुलावर असून दोन मार्गिकांच्या दोन्ही बाजूंना एकेक फलाट आहे, आणि म्हणूनच समोरचा फलाट स्पष्ट दिसत असला तरी तेथे जाण्यासाठी खाली उतरून पुन्हा वर चढावे लागते. जलद गाड्या येथे थांबत नाहीत. तरीही ओतेमाचीसारख्या कार्यालयीन भागात गाडी न बदलता पोहोचता येते, आणि माझ्या मते भारतीय संगणक अभियंत्यांनी हा परिसर निवडण्यामागे ही सोय फार महत्त्वाची होती. निशी-कासाई ज्या एदोगावा प्रभागात आहे, त्याच्या सभेवर २०१९ साली पुण्याचे योगेंद्र पुराणिक निवडून आले, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.