चॉकलेटची चव बागेतच ठरते
आंध्र प्रदेशातील पश्चिम गोदावरीचा परिसर जवळपास सोलापूरच्याच अक्षांशावर आहे आणि तेथे नारळाच्या सावलीत कोकोची झाडे फळांनी लगडतात. विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना सुमारे २० अंशांपर्यंत हे पीक येते, त्या हिशेबाने आपणही त्यात बसतो. परंतु त्याला दमट हवा आणि वर्षभराचा ओलावा लागतो, जो आपल्या कोरड्या, चाळिशीपार जाणाऱ्या उन्हाळ्यात मिळणे नाही. तरीही त्याविषयी लिहावेसे वाटते, कारण उत्तम चॉकलेटचे श्रेय आपण कारखान्याला देतो आणि चव घडवणारा शेतकरी नजरेआड राहतो.

फळ फोडल्यावर पांढऱ्या, आंबटगोड गरात गुंतलेल्या बिया निघतात. त्या कडू व तुरट असतात. चॉकलेटचा वास त्यांना मुळीच नसतो. गरासकट त्या लाकडी पेट्यांत किंवा केळीच्या पानांखाली पाच ते सात दिवस आंबवल्या जातात. यीस्टमुळे गरातील साखरेचे मद्यार्क होते, पुढे जिवाणू त्याचे आम्ल करतात, ढिगाचे तापमान ५० अंशांच्या जवळ जाते, बीमधील अंकुर मरतो आणि भाजल्यावर ज्यांचा सुगंध होणार असतो ती द्रव्ये आत तयार होतात. हे काम अर्धवट राहिले तर तुरटपणा उरतो आणि लांबले तर कुजकट वास येतो. केव्हा ढवळायचे आणि केव्हा थांबायचे, हे जाणता शेतकरी वासावरून आणि बी कापून आतला जांभळा रंग किती तपकिरी झाला ते पाहून ठरवतो. माझ्या मते या कलेतील सर्वांत अवघड निर्णय हाच आहे, कारण येथे बिघडलेली चव पुढे कोणतेही यंत्र सुधारू शकत नाही.

उन्हात वाळवल्यावर बिया भाजून, टरफले पाखडून, दगडी यंत्रात दळतात. शेंगादाण्याची चटणी कुटताना जसे तेल सुटते, तसे येथे कोकोचे लोणी सुटते आणि कोरडा भरडा पातळ होतो. जगभरातील अनेक छोटे कारागीर यासाठी दक्षिण भारतातील इडलीच्या पिठाच्या ग्राइंडरवरून घडवलेली यंत्रे वापरतात, याचा मला फार अभिमान वाटतो. स्वित्झर्लंडच्या रोडोल्फ लिंट यांनी १८७९ मध्ये हे मिश्रण दीर्घकाळ घोटण्याची रीत आणली आणि चॉकलेटला मऊपणा आला.

कोकोचे लोणी सहा प्रकारच्या स्फटिकांत गोठते. चकाकी आणि तुकडा मोडतानाचा खटका त्यांपैकी पाचव्या प्रकारामुळे येतो, आणि तो साधारण ३४ अंशांना वितळतो. आपल्याकडे मे महिन्यात घरातही इतकी उष्णता असते, त्यामुळे वितळून पुन्हा गोठलेल्या वडीवर पांढुरका थर येतो. ती बुरशी नसून वर आलेले लोणीच असते. अशी वडी फेकून न देता गरम दुधात विरघळवावी.