उभी बाटली, आडवी बाटली आणि महापालिकेचे पत्रक

आमच्या वस्तीतील देशी दारूचे दुकान बंद व्हावे, असे मला मनापासून वाटते. संध्याकाळच्या शिकवणीहून परतणाऱ्या मुली त्या रस्त्याने येत नाहीत, लांबचा वळसा घेतात, आणि पगाराच्या दिवशी काही घरांत काय होते हे आम्ही शेजारी भिंतीपलीकडून ऐकत असतो. म्हणून दुकान ठेवावे की बंद करावे यावर मतदान घ्यावे, या मागणीसाठी सह्या गोळा करणाऱ्यांत मीही आहे. मात्र परवाच्या बैठकीत, मतदान ठरले की महापालिकेच्या कचरागाडीच्या भोंग्यावरून ‘आडव्या बाटलीलाच मत द्या’ असे सांगायला लावू, अशी सूचना आली, आणि तिला मी विरोध केला.

आपल्याकडे एखाद्या प्रश्नावर थेट मत देण्याची संधी क्वचितच मिळते. दारूदुकानाबाबतचे मतदान हा त्यांपैकी एक अपवाद. 2008 च्या शासन आदेशानुसार 25 टक्के मतदारांनी किंवा 25 टक्के महिला मतदारांनी लेखी मागणी केली आणि सह्यांची पडताळणी झाली, की गुप्त मतदान घेतले जाते. उभी बाटली म्हणजे दुकान चालू राहावे, आडवी म्हणजे बंद व्हावे. मतदान जिल्हा प्रशासन आणि राज्य उत्पादन शुल्क विभाग यांच्याकडे असते, परंतु नागपुरात लोकांपर्यंत रोज पोहोचणारी यंत्रणा महापालिकेची आहे. शाळेच्या खोल्या, झोन कार्यालयातील फलक, दारावर येणारी गाडी, हे सारे तिचेच, आणि ते आपणा सर्वांच्या कराच्या पैशांतून चालते. उभ्या बाटलीला मत देणारा शेजारीही मालमत्ता कर भरतो. त्याच्याच पैशांतून त्याच्याविरुद्ध प्रचार व्हावा, हे मला पटत नाही. 2014 च्या जानेवारीत जनमंच या संघटनेने नागपुरात स्वतंत्र विदर्भाबाबत जनमत घेतले, तेव्हा त्या संघटनेची भूमिका उघड होती आणि त्यात काही गैर नव्हते, कारण ती संघटना होती, शासन नव्हते.

आयर्लंडमध्ये हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. घटस्फोटाला परवानगी द्यावी का यावरील सार्वमतात सरकारने ‘होय’च्या प्रचारासाठी पाच लाख पौंड बाजूला ठेवले होते, पॅट्रिशिया मॅकेना यांनी त्याला आव्हान दिले आणि 17 नोव्हेंबर 1995 रोजी न्यायालयाने एकाच बाजूसाठी सार्वजनिक पैसा वापरणे घटनाबाह्य ठरवले. आठवड्याभराने झालेल्या मतदानात ‘होय’ बाजू जिंकली, तीही केवळ 9,114 मतांच्या फरकाने. तो प्रचार तसाच चालू राहिला असता, तर इतक्या निसटत्या निकालावर हरलेल्या बाजूने कधी विश्वास ठेवला असता का, असे मला वारंवार वाटते. आमच्या वस्तीत दुकान बंद झालेच, तर ते सरकारी भोंग्याने बंद करवले, असे कोणालाही म्हणता येऊ नये.

तथापि तटस्थ राहणे म्हणजे गप्प बसणे नव्हे, आणि खरी अडचण इथेच आहे. 2008 च्या आदेशातील अट अशी, की दुकान बंद होण्यासाठी एकूण मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला पडली पाहिजेत. मोजदाद झालेल्या मतांपैकी नव्हे, तर यादीतील एकूण मतदारांपैकी. म्हणजे घरी बसलेल्या मतदाराचा परिणाम उभ्या बाटलीला मत दिल्यासारखाच होतो. हे महापालिकेने वाटायच्या माहितीपत्रकात छापले तर आमची बाजू बळकट होईल, असा आक्षेप दुकानमालक घेऊ शकतो. मला तो आक्षेप मान्य नाही. नियम सांगितल्याने एका बाजूचा फायदा होत असेल, तर तो नियमाचा परिणाम आहे, सांगणाऱ्याचा पक्षपात नव्हे. उलट तो दडवून ठेवणे हीच एका बाजूला केलेली मदत ठरेल. अशा नियमांत बदल होत असतात, म्हणून मतदानाच्या दिवशी लागू असलेली अट आकड्यांसह, अमुक इतक्या मतदारांपैकी अमुक इतकी मते हवीत, अशा शब्दांत छापली गेली पाहिजे.

आकडे चुकले तर काय होते, हे स्वित्झर्लंडने अनुभवले आहे. विवाहित जोडप्यांवर अविवाहितांपेक्षा जास्त पडणाऱ्या करभाराबाबत तिथे फेब्रुवारी 2016 मध्ये मतदान झाले. त्यापूर्वी सरकारने दिलेल्या माहितीत दोघेही कमावत्या अशा सुमारे 80 हजार जोडप्यांना हा भार सोसावा लागतो असे म्हटले होते. प्रत्यक्षात अशा जोडप्यांची संख्या सुमारे 4 लाख 54 हजार निघाली. तो भार दूर करण्याचा प्रस्ताव थोड्या मतांच्या फरकाने फेटाळला गेला होता, आणि एप्रिल 2019 मध्ये तेथील संघीय न्यायालयाने ते मतदानच रद्द केले. एक चुकीचा आकडा पुरेसा ठरला. त्याच देशाच्या मतदान पुस्तिकेत प्रस्ताव मांडणाऱ्या समितीला स्वतःचे म्हणणे स्वतःच्या शब्दांत लिहिता येते, ही गोष्ट मात्र आपण उचलावी अशी आहे.

दारूबंदीच्या बाजूने बोलायला आमच्याकडे शब्दांची कमतरता नाही. वर्धा आणि गडचिरोली हे दारूबंदीचे जिल्हे नागपूरपासून दूर नाहीत. चंद्रपूरची बंदी 1 एप्रिल 2015 ला सुरू झाली आणि 2021 मध्ये उठली, म्हणजे दोन्ही बाजूंना दाखले देता येतील. ते आम्ही द्यावेत आणि दुकानमालकाने द्यावेत. पुढच्या बैठकीत मी एवढेच सुचवणार आहे, की जाहीर पत्रकात नियम आणि आकड्यांखाली दोन सारख्याच आकाराच्या चौकटी असाव्यात, एक आमची आणि एक त्यांची, आणि ही मागणी आमच्याच अर्जात आमच्याच सह्यांनिशी जावी.