चालूच आहे, फक्त बंद पडलीय

रविवारी कोळंबी आणायला म्हणून नवी मुंबईतल्या दिवाळे गावच्या जेट्टीवर गेलो आणि कोळंबीऐवजी मशीन बघून आलो.

मशीन म्हणजे होडीच्या मागच्या फळीला अडकवतात ते इंजिन. आउटबोर्ड. पाच एचपी, टू स्ट्रोक, जपानी. एका घराच्या ओट्याशी फाटक्या जाळ्यांच्या ढिगावर आडवी पडली होती. झाकणावर हात फिरवला तर उन्हाने जळलेला रंग पिठासारखा तळव्याला लागला. मालक आतून बनियन घालत बाहेर आला आणि म्हणाला, "मशीन चालूच हाय. फकस्त बंद परलीय."

या एका वाक्यावर मी आजवर किती पैसे घालवले असतील! माळ्यावर एक वॉल्व्हचा रेडिओ आहे, एक टेबलफॅन आहे, पायडल नसलेलं शिलाई मशीन आहे. सगळं चालूच आहे. स्वस्त आणि धडधाकट वस्तू दिसली की मला संशय येतो. स्वस्त आणि बिघडलेली दिसली की मात्र वाटतं, ही माझीच वाट बघत थांबली होती.

भाव अठरा हजार. "तुमी गावचे, पंधरा द्या." नव्या मशीनचा भाव विचारायची माझी छाती नाही, त्यामुळे पंधरा हजार मला एकदम फुकटच वाटले. तरी अगदीच अडाणी दिसू नये म्हणून पाना मागितला. प्लग काढून भोकावर अंगठा दाबून धरला आणि दोरी ओढली. अंगठा फट्कन उडाला. म्हणजे मशीनच्या छातीत दम आहे. प्लग सिलिंडरच्या धातूला टेकवून पुन्हा ओढली. बारीक निळी ठिणगी पडली. मग खालच्या गिअरचा स्क्रू सैल केला आणि तिथे माझं तोंड पडलं. आधी चमचाभर पाणी आलं, मागून तेल आलं ते हॉटेलातल्या कटिंगच्या रंगाचं. म्हणजे सील गेलंय, खाडी आत शिरलीय. कार्बोरेटरमध्ये पेट्रोल वाळून लाखेसारखं चिकटलेलं. पाणी खेचणारा रबरी इम्पेलर तर खारकेसारखा कडक झालेला, त्याच्या दोन पाकळ्या गायब. मालक शांतपणे तंबाखू मळत होता. त्याला हे सगळं ठाऊक होतं आणि मला ठाऊक आहे हे बघून त्याला अजिबात वाईट वाटलं नाही.

"विचार करून सांगतो," म्हणालो.

घरी, म्हणजे नेरूळच्या तिसऱ्या मजल्यावर, बायकोने दोनच प्रश्न विचारले. पहिला, कोळंबी कुठाय. दुसरा, होडी कुठाय. दुसऱ्याचं उत्तर माझ्याकडे आहे, पण ते जरा लांबचं आहे. चुलतभावाची फायबरची होडी जेट्टीच्या बाजूला चिखलात उलटी पडलीय, तिला बुडाशी हातभर चीर आहे. चालूच आहे ती पण. "दिवाळ्याला जाऊन दिवाळं काढू नका म्हणजे झालं," असं म्हणून तिने अंडी उकडायला ठेवली.

बाबांकडे अशीच मशीन होती. तुर्भ्याच्या कारखान्यात ते शिफ्ट करायचे आणि सुटी असली की रात्री पाण्यावर. मशीन सुरू झाली की मागच्या छिद्रातून पाण्याची बारीक धार पडते. ती पडतेय म्हणजे आत पाणी फिरतंय, मशीन तापणार नाही. बाबा त्या धारेत बोट धरून बघायचे आणि म्हणायचे, "मुततेय ना, मग जगते." आई हे ऐकून कपाळाला हात लावायची.

मी अकरा वर्षांचा असेन. अमावास्येच्या आसपासची रात्र, त्यामुळे ओहोटीला जोर. वाशीच्या पुलाकडून आम्ही खाली येत होतो आणि मध्येच मशीन किंचाळायला लागली. किंचाळतेय पण होडी पुढे जात नाही. पंख्यात प्लास्टिक गुंडाळलं होतं आणि पंख्याची पिन तुटली होती. बोटाच्या पेराएवढी पितळी पिन. पंखा कशात अडकला तर ती तुटते आणि आतला गिअर वाचतो. तेवढ्याचसाठी ती असते. बाबांकडे सुपारीच्या डबीत एक जादा पिन असायची. त्यांनी मशीन आडवी करून प्लास्टिक कापलं, डबी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "काढ."

काढली. बोटं ओली होती. टुप्‌ असा आवाजसुद्धा झाला नाही.

पलीकडे ट्रॉम्बेच्या डोंगराखालचे दिवे मागे मागे सरकत होते. पाणी आम्हाला घारापुरीच्या दिशेला ओढत होतं. बाबा काही बोलले नाहीत. होडीच्या फळीतून त्यांनी एक खिळा उपटला, मापाचा तोडला, पिनेच्या जागी घातला, आणि आम्ही घरी आलो. पुढे दहा-बारा दिवसांनी पंख्यात नायलॉनची दोरी अडकली. लोखंडी खिळ्याचं काय जातंय? तो तसाच राहिला, गिअरचे दात गेले. मशीन वर्षभर पडवीत पडून राहिली आणि एका दुपारी किलोच्या भावाने गेली. पिन कोणी पाडली हा विषय आमच्या घरात कधी निघाला नाही. बाबा होते तोवर नाही.

असो. रात्री झोप येईना म्हणून मोबाइलवर इम्पेलर शोधत बसलो. मशीनच्या पट्टीवरच्या नंबराचा फोटो काढून ठेवला होताच. शोधता शोधता भलतीकडेच गेलो. ओले एव्हिनरूड नावाचा नॉर्वेत जन्मलेला माणूस अमेरिकेत मिलवॉकीला होता. वाग्दत्त वधूला आइस्क्रीम हवं म्हणून भर उन्हात तळ्यात होडी वल्हवत गेला, परत येईस्तोवर आइस्क्रीमचं पाणी, आणि त्या रागातून त्याला आउटबोर्ड सुचलं असं सांगतात. १९०९ साली त्याने मशीन विकायला सुरुवात केली आणि ते नाव थेट २०२० पर्यंत मशीनवर येत राहिलं. आइस्क्रीमची गोष्ट कितपत खरी, कोण जाणे. पण माणसाने एवढा खटाटोप केला तो निदान ताज्या आइस्क्रीमसाठी तरी. मी कशासाठी करतोय, हे बायकोने सकाळी विचारलं असतं तर पंचाईत होती. तिने विचारलं नाही.

सोमवार गेला, मंगळवार गेला. मालकाचा फोन आला, "चौदा करून टाका, एक जून आला का गिर्‍हाईक नाय." बरोबर आहे, पावसाळ्यात दोन महिने मासेमारीला बंदी, तेव्हा मशीन कोण घेतो? म्हटलं, बघतो. खरंच बघतोय. हिशेब तीनदा केला. सील, इम्पेलर, कार्बोरेटरचं किट, मिस्त्रीची मजुरी, होडीची चीर. चौदाचे पंचवीस होतात, आणि मिस्त्री म्हणतो तिशीची तयारी ठेवा. कोणताही शहाणा माणूस नाही म्हणेल.

मशीन अजून त्या ओट्याशीच आहे. काल कुरिअर आलं, ते ऑफिसच्या पत्त्यावर मागवलं होतं. इम्पेलर आलाय, मऊ, काळा, सहाच्या सहा पाकळ्या शाबूत. सोबत पंख्याच्या पिनाही मागवल्या होत्या. दोन पुरल्या असत्या. मी दहा घेतल्यात.